विचारा की! : युलच्या मेणबत्त्या, कवड्यांच्या माळा आणि भावाची भानगड

गंगावेशीत माझं छोटं वर्कशॉप आहे. मधमाशीच्या मेणाच्या मेणबत्त्या, पूजेची भरतकामाची कापडं, लग्नगाठीचे दोर असलं काहीबाही आम्ही चार बायका मिळून करतो आणि त्यातला बराच माल परदेशातल्या पेगन, म्हणजे युरोपातली जुनी निसर्गपूजा मानणाऱ्या, मंडळींकडं जातो. त्यामुळं या विषयावरची पत्रं संपादकांनी सगळी माझ्या गळ्यात घातली आहेत. काही पत्रं लांबलचक होती, ती कापून घेतलीत.

ताई, मी मेणबत्त्या करते, भरतकामही येतं. इंग्लंडच्या एका बाईंनी इन्स्टाग्रामवर पूजेच्या टेबलावरचं कापड, काळ्या मेणबत्त्या आणि काड्यांचा झाडू असं विचारलंय. त्या स्वतःला पेगन म्हणवतात. पैसे बरे मिळतायत, पण सासूबाई म्हणतात, करणीचं सामान घरात नको. घेऊ का ऑर्डर? — एक सून, उचगाव

घे. पण आधी सासूबाईंशी बस आणि बोल. त्यांना वेड्यात काढू नकोस. काळी मेणबत्ती आणि झाडू म्हटल्यावर आपल्याकडं कुणालाही तिकटीवर टाकलेला उताराच आठवणार.

त्यांना सांग, ख्रिस्ती धर्म पोचण्याआधी युरोपात ऋतूंची, सूर्याची, धरणीमातेची पूजा होती, ती नव्यानं करू पाहणारी ही माणसं आहेत. त्यांच्यातला विक्का हा पंथ तर आपल्या आजीच्या वयाचा. इंग्लंडमधला चेटूकविरोधी जुना कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर नावाच्या गृहस्थांनी पुस्तक लिहून या पंथाला उजेडात आणलं. सैतानाला ते भजत नाहीत. इंग्लंड-वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत सुमारे 74 हजार जणांनी धर्म म्हणून पेगन लिहिलं आणि 13 हजारांनी विक्का. गिऱ्हाईक थोडं आहे, पण हातानं केलेल्या वस्तूला मान देणारं आहे.

त्यांचे वर्षात आठ सण. डिसेंबरात सर्वात मोठ्या रात्रीला युल. 1 फेब्रुवारीच्या सुमाराला इम्बोल्क, म्हणजे उजेड परत येऊ लागल्याचा सण. आपल्याकडं 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणं अंबाबाईच्या अंगावर पडतात का, हे बघायला गर्दी लोटलेली असते. 31 ऑक्टोबरला साउइन, त्यात गेलेल्यांची आठवण काढून त्यांच्यासाठी पान वाढून ठेवतात. सर्वपित्री जाणणाऱ्या बाईला हे समजावायला पाच मिनिटंही लागत नाहीत. माझ्या आईला तरी लागली नव्हती. तिनं फक्त विचारलं, "मग कावळा येतो का त्यांच्यात?"

धंद्याच्या दृष्टीनं खरी अडचण सणांच्या तारखांची आहे. साउइनचा माल सप्टेंबरच्या सुरुवातीला पोस्टात पडायला हवा, आणि तेव्हा आपल्याकडं गणपती-गौरी असतात. युलचा माल दिवाळीच्या फराळात अडकतो. म्हणून आखाड-श्रावणातच हात चालवायचा. आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं गिऱ्हाईक असेल तर सगळं उलटं: तिथं हिवाळा जूनमध्ये, म्हणून युलही जूनमध्ये, आणि साउइन एप्रिलच्या शेवटाला. डिसेंबरात सिडनीला युलच्या शुभेच्छांचं कार्ड पाठवलंस तर ते हसतील तरी किंवा दुसरीकडं जातील तरी.

आता मेणबत्त्या. पॅराफिनच्या साच्यातल्या मेणबत्त्या तिथं ढिगानं मिळतात, त्यांच्या भावाला तू पुरणार नाहीस. भुदरगडात पाटगाव मधाचं गाव म्हणून पुढं आलंय, त्या बाजूला चौकशी कर आणि मधमाशीचं मेण आण. मेण कधीही थेट गॅसवर ठेवायचं नाही. पाण्याच्या पातेल्यात दुसरं उभट भांडं ठेवून वितळवायचं. ते साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं. बुडवायला 70-75 बरं. 85 च्या वर गेलं की रंग काळवंडतो आणि मधाचा वास जातो. वातीचा एकच लांब तुकडा घेऊन काठीवर मधोमध टाक, म्हणजे दोन मेणबत्त्या जोडीनं होतात. पहिल्यांदा बुडवून काढलीस की गरम आहे तोवर वात खाली ओढून सरळ कर. तेव्हा वाकडी राहिली तर पुढं कितीही थर दे, वाकडीच राहते. नंतरचं बुडवणं झटक्यात: आत आणि बाहेर. आत रेंगाळलीस तर नवा थर बसायच्या आधी जुनाच वितळून भांड्यात जातो. थंडीत मेणावर पांढुरकी साय धरते, गिऱ्हाईक बुरशी समजून पैसे परत मागतं. ती मऊ फडक्यानं पुसली की जाते, असं चिठ्ठीत आधीच लिहून ठेव. काळा रंग त्यांच्यात नको असलेलं दूर सारण्यासाठी वापरतात. रंग मेणबत्तीचाच घे. पाण्यात विरघळणारा मेणात मिसळत नाही आणि काजळी घातलीस तर वात तुंबते.

झाडूचं मात्र जरा थांब. त्यांचा झाडू बर्चच्या काड्यांचा, पूजेची जागा झाडण्याचा आव आणायला वापरतात आणि लग्नात नवरा-नवरी हात धरून त्याच्यावरून उडी मारतात. आपल्याकडं केरसुणीला पाय लागला तरी हात लावून नमस्कार करतो! शिंदीच्या पानांची केरसुणी करणाऱ्या बाईला "यावरून उडी मारायचीय" असं सांगून ऑर्डर द्यायला मला तरी जीभ रेटली नाही. द्यायचीच असेल तर तिला वापर खरा काय तो सांग, ती मागेल त्या दरानं पैसे दे आणि कार्डावर केरसुणी म्हणूनच लिही, लक्ष्मीपूजनाला आम्ही हिची पूजा करतो असंही लिही. इंग्लंडच्या बाईला ते जास्त आवडेल. फक्त पान, गवत, बी, पीस असलेला माल परदेशात पाठवताना त्या देशाचे नियम आधी वाच. ऑस्ट्रेलियावाले तर असल्या बाबतीत फार कडक, पार्सल नष्टसुद्धा करतात.

आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या कवड्यांच्या माळा ओवतात. पुतण्या आता त्या ऑनलाइन विकतो. तो म्हणतो, नुसती माळ लिहिली तर कोण घेत नाही. 'सिद्ध केलेली, शत्रुपीडा आणि सांधेदुखीवर गुणकारी' असं लिहूया. सोबत हत्ताजोडी नावाची मुळीही ठेवूया, तिला मागणी आहे. योग्य आहे का? — एक काका, शाहूपुरी

काका, पुतण्याचा मोबाईल चार दिवस काढून घ्या.

हत्ताजोडी ही मुळी नव्हेच. वनस्पतीचं मूळ म्हणून जी विकतात ते बहुतेक वेळा नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि तिथल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे. 'मला मूळ म्हणून दिलं होतं' हे कोर्टात कुणी ऐकून घेत नाही. कोल्ह्याचं शिंग म्हणून जे विकतात त्याच्याही वाटेला जाऊ नका. मोरपिसाचंही लक्षात ठेवा: इथं जत्रेत दिसतं म्हणून परदेशी पार्सलात घालायचं नाही, त्याच्या निर्यातीला बंदी आहे.

आता सांधेदुखी. 1954 चा औषधे आणि जादुई उपायांच्या जाहिरातींचा कायदा अजून जिवंत आहे आणि त्यात ताईत, मंत्र, कवच हे शब्द स्पष्ट लिहिलेत. त्याखेरीज महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. परदेशी बाजारातही हे चालत नाही. एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारानं 2015 मध्येच मंत्रतंत्राच्या नुसत्या 'सेवा' विकायला मनाई केली, विकायची ती हातात धरता येईल अशी वस्तू. माळेनं शत्रू पळाला नाही म्हणून पैसे परत मागणाऱ्या गिऱ्हाइकाला पुतण्या काय सांगणार आहे?

तुमच्याकडं लिहिण्यासारखं खरं पुष्कळ आहे. कवडी कशी घासून भोक पाडता, दोरा कुठला, किती पदर, दोन कवड्यांत गाठ का मारता. एक दोरा तुटला तरी सगळी माळ सांडत नाही, हे गिऱ्हाइकाला शत्रुनाशापेक्षा कामाचं आहे. कुणी हे ओवलं ते लिहा, घरातल्या बाईचं नाव तिला विचारून लिहा.

एक विनंती. आराध्यांच्या गळ्यात जी माळ विधीनं पडते, आणि परडी, या वस्तू शोभेच्या म्हणून विकू नका. दागिना म्हणून दोन पदरी, वेगळ्या घाटाची माळ करा. परवा एका परदेशी दुकानाच्या फोटोत परडी भिंतीवर टांगून आत सुकी फुलं ठेवलेली बघितली, मला बरं वाटलं नाही. माझा हा हट्ट समजा.

ताई, पायपुसण्यांवर देवीचे डोळे छापले तर चालतील का? परदेशात 'गॉडेस' म्हटलं की खपतं. — गांधीनगर

नाही.

निर्यातीला कागदपत्रं काय लागतात? एजंट आठ हजार मागतो. — जयसिंगपूर

आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, डीजीएफटी या केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः काढा. सरकारी फी 500 रुपये. लहान उद्योगांची उद्यम नोंदणी फुकट आहे. लहान पार्सलांसाठी पोस्टाची डाक घर निर्यात केंद्रं आहेत, तिथली बिलं ऑनलाइन भरता येतात. हेड पोस्टात जाऊन विचारा. जीएसटीत 40 लाखांपर्यंत सूट आहे एवढंच ऐकून गप्प बसू नका. परदेशी विक्री कायद्यानं आंतरराज्य धरली जाते, तेव्हा ती सूट तुम्हाला लागते का, याचा सीएला एकदा पैसे देऊन सल्ला घ्या. ते पैसे एजंटपेक्षा बरे. अमेरिकेनं 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी बंद केली आहे, म्हणून तिकडच्या गिऱ्हाइकाला जकात कोण भरणार ते ऑर्डर घेतानाच लेखी सांगा.

आम्ही कुंभार. गणपती, बेंदराचे बैल, नागोबा करतो. गोव्याच्या एका दुकानदाराला पानांच्या चेहऱ्याचे भिंतीवरचे मुखवटे हवेत, पन्नास नग, 150 रुपयांनी. सीझन नसताना काम मिळतंय म्हणून मुलगा हो म्हणतोय. परवडेल? — कुंभार गल्ली, कोल्हापूर

दादा, हिशेब करू. तुमच्या घरात कुणी कागदावर करत नसेल, म्हणून मी करते; आकडे चुकले तर तुमचे घाला.

माती आणि रंग 30. भट्टीचा वाटा 25. हातानं घडवायला, घासायला, रंगवायला मिळून दोन तास. दिवसाची मजुरी 800 धरली तर तासाला 100, म्हणजे 200. झाले 255. दहातला एक वाळताना किंवा भट्टीत जाणारच, त्याचा भार उरलेल्या नवांवर टाकला की 283. पेंढा, खोकं, टेप 35. एकूण 318 रुपये, आणि यात नफ्याचा एक पैसा नाही. साचा करून काम चाळीस मिनिटांवर आणलंत तरी 170 च्या खाली येत नाही. म्हणजे 150 ला दिलंत तर प्रत्येक मुखवट्यामागं खिशातले पैसे तुम्ही गोव्याला पाठवताय. घरच्या माणसाची मजुरी धरायची नसते, असं म्हणू नका. तुमचा मुलगा दुसऱ्याकडं कामाला गेला असता तर त्याला ती मिळालीच असती.

दुकानदाराला हातघडणीचा 400 आणि साच्यातला 240 असे दोन भाव सांगा. पन्नासाऐवजी वीस घेईल, घेऊ दे. निम्मे पैसे आधी.

त्या चेहऱ्याला ते ग्रीन मॅन म्हणतात. युरोपातल्या जुन्या चर्चच्या दगडांवर तो कोरलेला असतो आणि हे नाव त्याला 1939 मध्ये लेडी रॅगलन यांनी दिलं. त्यांच्याकडचा बऱ्याचदा ओकच्या पानांचा असतो. दुकानदारानं पाठवलेला फोटो कुणातरी कलाकाराच्या कामाचा असणार, तो जसाच्या तसा उतरवू नका. आपल्या देवळांच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असतं, त्याच्याही तोंडातून वेली निघतात; ते बघून या आणि वड-पिंपळाची पानं घेऊन तुमचा स्वतःचा काढा. पिंपळाचं टोक मात्र मागं वळवून गालाला चिकटवा, मोकळं ठेवलंत तर पहिल्याच पार्सलात तुटेल. नाकाच्या मागची माती कोरून जाडी सगळीकडं सारखी करा, नाहीतर चीर तिथंच जाणार. टांगायची भोकं ओल्यातच पाडा. पावसाळ्यात वाळवायला घाई नको, गोणपाटाखाली सावकाश वाळू द्या, आणि गोव्याला तशी तारीख सांगा.