'साम्राज्य' नेमके कशाला म्हणायचे?

प्रश्न आला आहे तो असा: शाळेच्या हस्तलिखितात देवगिरीवर लिहिताना एकाने 'यादवांचे राज्य' लिहिले, दुसऱ्याने 'यादव साम्राज्य' आणि तिसऱ्याने 'यादव संस्कृती'. तिन्ही चालतात का? नसतील चालत, तर फरक कुठे धरायचा?

राज्य मोठे झाले की त्याचे साम्राज्य होते, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागेल. बिरुदावरूनही काही ठरत नाही. अशोकाची सत्ता कर्नाटकातल्या मस्कीपर्यंत आणि कोकणातल्या सोपाऱ्यापर्यंत पोचली होती, पण आपल्या लेखांत तो स्वतःला नुसता 'राजा' म्हणवतो. अमरकोशातली व्याख्या मात्र अजून उपयोगी पडते: ज्याने राजसूय यज्ञ केला, जो मंडलाचा ईश्वर आहे आणि ज्याच्या आज्ञेत राजे आहेत, तो सम्राट. यातला तिसरा भाग महत्त्वाचा. राजा प्रजेवर राज्य करतो. सम्राट राजांवरही करतो. म्हणजे साम्राज्य हे दोन सत्तांमधले नाते आहे, आणि ते तपासायला दोन प्रश्न पुरतात. खंडणी कोण कोणाला देतो? कोणाच्या हुकमावर कोणाची फौज निघते?

(आरतीनंतर म्हणतो त्या मंत्रपुष्पांजलीतही 'साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं' अशी यादी येते. ती ऐतरेय ब्राह्मणातली. तिथे साम्राज्य हा पूर्वेकडच्या राजांचा अभिषेकाचा प्रकार आहे, म्हणून आजच्या अर्थासाठी तिचा दाखला देऊ नये.)

हे दोन प्रश्न देवगिरीलाच लावून पाहू. यादव आधी कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने ते जोखड झुगारले आणि देवगिरीचे स्वतंत्र राज्य उभे राहिले. पुढे सिंघणाने कोल्हापूरच्या शिलाहारांचे राज्य जिंकून आपल्यात घेतले. जिंकलेल्या राजाला हटवून मुलूख खालसा केला, तर तो राज्यविस्तार झाला. त्याच राजाला गादीवर ठेवून त्याच्याकडून खंडणी आणि फौज घेतली, तर साम्राज्य. सिंघणाच्या भरभराटीच्या काळाला कोणी साम्राज्य म्हटले तर मी वाद घालणार नाही, पण सबंध यादवकाळाला तो शब्द लावणे सैल वाटते.

खरा धडा रामचंद्रदेवाच्या काळात मिळतो. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला आणि रामचंद्राने खंडणी कबूल केली. ती थकली तेव्हा १३०७ च्या सुमारास अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला आणि त्याने राजाला दिल्लीला नेले. तिथून तो 'रायरायान' हा किताब घेऊन परतला, गादीवरही राहिला. पुढे काफूरच्या फौजा वरंगळ आणि द्वारसमुद्राकडे निघाल्या, तेव्हा त्यांना देवगिरीने मदत केली. किल्ला, राजा, भाषा, काहीच बदलले नव्हते. राज्य होतेच, पण आता ते दिल्लीच्या साम्राज्याचा भाग होते. मुलाने, शंकरदेवाने, दिल्लीला जुमानले नाही आणि तो मारला गेला. १३१८ मध्ये जावई हरपालदेवाचाही अंत झाला आणि दिल्लीचे सुभेदार आले. इथे 'मांडलिक राज्य' संपून 'प्रांत' सुरू होतो. १३२७ मध्ये तुघलकाने राजधानीच इथे आणली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले, तरी वीस वर्षांत, १३४७ मध्ये, याच दौलताबादेतून बहमनी सत्ता वेगळी निघाली. साम्राज्ये बहुधा अशीच तुटतात. लांबचा मुलूख ज्याच्या हाती सोपवावा, त्याच्याकडे वसूल आणि फौज दोन्ही जातात. मग त्याला वरच्या धन्याची गरज उरत नाही.

अठराव्या शतकात गुंता वाढतो आणि मराठीची शब्दसंपत्तीही. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून तीन सनदा आणल्या: स्वराज्याची, चौथाईची आणि सरदेशमुखीची. 'स्वराज्य' म्हणजे ढोबळमानाने शिवाजी महाराजांच्या वेळचा, स्वतःच्या अमलातला मुलूख. चौथाई, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखीचे शेकडा १० ही दख्खनच्या ६ सुभ्यांवर. औरंगाबाद त्यांतलाच एक सुभा. बदल्यात शाहू महाराजांनी पादशहाला १० लाखांची पेशकश, म्हणजे नजराणा, द्यायची आणि १५,००० स्वार ठेवायचे. म्हणजे औरंगाबादेच्या एकाच मुलखात नाव पादशहाचे, कारभार पुढे निजामाचा आणि चौथाईचा हक्क मराठ्यांचा. अशा ठिकाणी 'कोणाचे साम्राज्य' असे एका शब्दात विचारूच नये; कोणता हक्क कोणाकडे, ते लिहावे.

निजामी मुलखाला जुने लोक 'मोगलाई' म्हणत, ते याच इतिहासामुळे. निजाम मुळात मोगलांचा दख्खनचा सुभेदार, आणि त्याची नाणी १८५७ च्या उठावापर्यंत पादशहाच्या नावाने पडत. पुढे इंग्रजांचे वर्चस्व मान्य असलेल्या या सत्तेला मराठीत 'संस्थान' हाच शब्द रूढ आहे आणि तोच योग्य आहे. 'निजाम साम्राज्य' लिहू नये.

राहिली संस्कृती. तिला सरहद्द नसते, फौज नसते, ती खंडणी घेत नाही. पैठण आणि तेर इथला माल गाड्यांनी भडोचला जाई, असे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वर्णनात आहे. ती जीवनपद्धती सातवाहनांबरोबर संपली नाही. देवगिरीचे राज्य १३१८ मध्ये बुडाले, पण नामदेवांचे अभंग आणि महानुभावांचे लेखन पुढे चालूच राहिले. म्हणून 'यादव संस्कृती'ऐवजी 'यादवकालीन संस्कृती' लिहावे. पहिल्या शब्दात ती घराण्याची मालमत्ता ठरते. 'सिंधू संस्कृती' बरोबर, 'सिंधू साम्राज्य' चूक, कारण तिथे सम्राट असल्याचा पुरावा नाही. हिंदीत तिला 'सभ्यता' म्हणतात. मराठीत सभ्यता म्हणजे वागण्यातली शालीनता, तेव्हा तो शब्द इथे उचलू नये.

लेखनाबद्दल थोडेसे. सम् आणि राज् जोडताना 'म्'चा अनुस्वार होत नाही. 'मो राजि समः क्वौ' हे पाणिनीचे सूत्र खास त्यासाठी आहे. म्हणून 'सम्राट', 'संराट' नव्हे. भाववाचक नाम करताना पहिला स्वर वाढतो: 'साम्राज्य'. 'सम्राज्य' असे फलकांवरही दिसते, ते चूक. स्त्रीलिंगी रूप मात्र 'सम्राज्ञी', तिथे 'स'ला काना नाही.