विटामातीच्या भिंतीवर दागिने टांगायची चौकट घरी कशी करायची?

घर विटामातीचं आहे, डब्यात काळ्या मण्यांच्या पोती एकमेकींत गुंततात, आणि भिंतीवर टांगता येईल असं काहीतरी घरीच करायचंय, असा तुमचा प्रश्न आहे. आधी भिंतीचं सांगतो. चौकट चुकली तर दुरुस्त होते, पण भिंतीतून निसटली तर काचेच्या बांगड्या घेऊनच खाली येते.

प्लास्टिकची गिट्टी (छिद्रात बसवून स्क्रू धरणारी नळी) आणि स्क्रू ही सिमेंटच्या भिंतीची पद्धत: 6 मिमीचं छिद्र, 8 नंबरचा दीड इंची स्क्रू, आणि छिद्र विटेतच, दोन विटांमधल्या दरजेत नाही. मातीच्या जुडाईत गिट्टी नुसती फिरत राहते. चिकटवायचे हूक तर विसराच. चुन्याच्या भिंतीवर ते चुन्यालाच चिकटतात, आणि मे महिन्यात पोपड्यासकट गळून पडतात.

छताची बल्ली भिंतीजवळून जात असेल तर तिला दोन जागी जीआय (जस्त चढवलेली) तार बांधून चौकट लोंबकळत ठेवा, भिंतीवर भारच नको. ते जमत नसेल तर खुंटी. 6 इंचांची सागाची खुंटी, त्यातली 4 इंच भिंतीत. कोरड्या भिंतीत ठोकू नका, विटा हलतात. आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असं भोक कोरा, पाणी शिंपडा, 1:3 सिमेंट-वाळू भरून खुंटी बसवा, तोंड किंचित वर. बसवण्याआधी आतल्या टोकाला दोन-तीन खिळे अर्धवट ठोकून घ्या. लाकूड सुकलं की आकसतं, तेव्हा हे खिळेच तिला धरून ठेवतात. आठवडाभर वजन लावू नका.

चौकट 18 बाय 24 इंच पुरते. 2 बाय 1 इंची सागाची पट्टी घ्या: 24 इंचांचे दोन तुकडे, 16 इंचांचे तीन. पट्ट्या उभ्या धारेवर ठेवा, म्हणजे चौकटीला 2 इंच खोली मिळते. सागाला आधी बारीक छिद्र पाडूनच स्क्रू लावा, नाहीतर टोकाला पट्टी फाटते. मागे चारही कोपऱ्यांना अर्ध्या इंचाचे ठोकळे लावा, भिंतीची ओल लाकडाला लागत नाही.

बांगड्यांच्या दांडीत बहुतेकांचं चुकतं. दांडी दोन्ही टोकांना पक्की केली की बांगडी घालायची कुठून? आडव्या पट्ट्यांपैकी मधली वरून 11 इंचांवर येते. तिच्याखाली 2 आणि 6 इंचांवर, दोन्ही बाजूच्या पट्ट्यांना समोरच्या कडेतून आत खाली उतरणारी तिरपी खाच पाडा, इंचभर खोल. तिच्यात वायरिंगचा पाऊण इंची पाईप बसतो आणि उचलून काढताही येतो. पाईप वाकू नये म्हणून आत बांबूची काडी सरकवा. अंतरं मापूनच ठेवा: 2.6 मापाची बांगडी म्हणजे आतून 2 पूर्णांक 6/16 इंच, साधारण 60 मिमी. दांडीचा मध्य भिंतीपासून दीड इंचाच्या आत आला तर बांगड्या भिंतीला घासतात. काचेच्या एका डझनाला दोनेक इंच जागा धरा.

वरच्या कप्प्यात कानातल्यांसाठी जाळी. मच्छरजाळीत हूकवाले डूल अडकतात, पण फिरकीच्या टॉप्सची जाड दांडी त्यातून जात नाही. त्यांना पाव इंची चौकोनी जाळी लागते. अर्धी-अर्धी दोन्ही लावा. कापलेल्या तारांची टोकं लाकडी पट्टीखाली दाबा, नाहीतर बोटं आणि साडीचे धागे दोन्ही अडकतात.

पोतींसाठी खालच्या पट्टीला दीड-दीड इंचावर पितळी हूक. खिळे नकोत, पावसाळ्यात गंजाचा डाग मण्यांच्या धाग्याला लागतो. 30 इंची पोत 15 इंच खाली लोंबते, म्हणून चौकटीची खालची कड जमिनीपासून चारेक फुटांवर ठेवा.

व्हार्निश दोन हात, मागच्या बाजूलासुद्धा, आणि दोन दिवस पूर्ण वाळल्यावरच दागिने टांगा. चुलीजवळची भिंत टाळा, धुराने चांदी लवकर काळी पडते. टिनाच्या छपराखाली ऊन येत असेल तर लाखेच्या बांगड्या तिथे नकोत, मऊ होऊन वाकड्या होतात. आणि हे सगळं बेन्टेक्स, काच नि रोजच्या वापराचं. सोन्याचं डोरलं कपाटातच कुलुपात राहू द्या.