हवेचं वजन करायचं तर फुगा ठेवा बाजूला, फुटबॉल घ्या

ताई, तुमच्या लेकराचं काही चुकलेलं नाही. तुम्ही लिहिलंय की सहावीतल्या मुलानं तुराटीच्या दोन टोकांना दोन फुगे बांधले, मधोमध दोरा बांधून काडी आडवी केली आणि एक फुगा फोडला. काडी एकदा फुगलेल्या बाजूला झुकली, एकदा हललीच नाही, एकदा चक्क उलटी गेली. वर आजोबा म्हणाले, "तोंडानं फुगवलास, ते थुंकीचं वजन हाय." आणि आता हवेला वजन असतं हे घरी खात्रीनं दाखवायचं कसं, हा तुमचा प्रश्न.

आधी माझी फजिती सांगतो. मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं सहायक होतो. हाच फुग्याचा प्रयोग एकदा तालुक्याच्या प्रदर्शनात मांडला होता. टाचणी टोचली, फट्ट आवाज झाला, काडी झुकली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे मात्र खाली वाकले, टेबलाखालून रबराचा एक तुकडा उचलला आणि विचारलं, "हा इकडं उडाला. ह्याचं वजन कुणाच्या खात्यात धरायचं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. (उत्तर सोपं आहे. फुग्याला गाठीजवळ चिकटपट्टी लावून त्या पट्टीतून टाचणी टोचायची, म्हणजे फुगा न फुटता हळूहळू बसतो. पण हे सुचलं घरी आल्यावर.)

तुकडा ही किरकोळ गोष्ट झाली. खरं दुखणं वेगळंच आहे.

आडातून पाणी शेंदलंय ना? पोहरा बुडून काठोकाठ भरला तरी तो पाण्यात आहे तोवर दोराला ओढ फारशी लागत नाही. पाण्याच्या वर आला की मग खांद्याला कळतं. पोहरा तोच, पाणी तेच. आत असताना भोवतीचं पाणीच त्याला उचलून धरत होतं. हवेचंही तसंच. आपण हवेच्या आडात तळाशी बसलोय आणि तिथंच हवेनं भरलेला पोहरा तोलायला निघालोय.

खोटं वाटत असेल तर मुलाला हे आधी करू द्या. दहा लिटरची पातळ प्लास्टिकची पिशवी घ्या. घडी घालून, आतली हवा काढून वजन करा. मग ती हवेत फिरवून सैलसर भरा, तोंड बांधा आणि पुन्हा वजन करा. पिशवीत आता जवळजवळ ११ ग्रॅम हवा आहे, पण काटा ढिम्म हलणार नाही. "हवेला वजन नसतं" असं माणसाला इतकी शतकं का वाटलं असेल, ते या एका पिशवीतून कळतं.

मग फुग्याची काडी कधी कधी झुकते ती कशानं? ताणलेलं रबर आतल्या हवेला आवळतं, म्हणून ती बाहेरच्या हवेपेक्षा शेकडा दोन-तीन इतकीच जास्त दाट होते. तराजूला दिसतं ते फक्त हे जास्तीचं. सहा लिटरच्या फुग्यात हे जास्तीचं वजन होतं जेमतेम ०.१५ ते ०.२ ग्रॅम, म्हणजे ज्वारीचे पाच-सहा दाणे. एवढ्याशा फरकाला पंख्याची झुळूक, सरकलेली दोऱ्याची गाठ, काहीही पुरतं. आणि आजोबांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. तोंडानं फुगवलेल्या सहा लिटर हवेत श्वासातली वाफच सुमारे ०.२ ग्रॅम असते. फुगा गार झाला की त्यातली थोडी आतल्या बाजूला दव होऊन चिकटते. शिवाय श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, तो हवेपेक्षा जड. म्हणजे जे मोजायचं आणि जे मोजायचं नाही, दोन्ही सारख्याच मापाचे. असा प्रयोग लागला काय आणि चुकला काय!

म्हणून युक्ती अशी: ज्याचा आकार हवा भरून बदलत नाही असं भांडं घ्यायचं आणि त्यात हवा कोंबायची. आकार तोच राहिला की भोवतीच्या हवेचा उचलाही तेवढाच राहतो, आणि कोंबलेल्या हवेचं वजन पुरतं काट्यावर येतं. घरात असं भांडं म्हणजे फुटबॉल.

पाच नंबरचा फुटबॉल घ्या. आधी तो गोल असू द्या, पण अंगठ्यानं दाबला तर सहज दबेल इतका मऊ. इथंच बहुतेकांचं चुकतं. पोचा पडलेल्या, चपट्या बॉलपासून सुरुवात केली तर तो गोल होईपर्यंतची सगळी हवा त्या पिशवीसारखी फुकट जाते. सुई काढून, बॉल कोरडा पुसून, काट्यावर वाटीत ठेवून वजन घ्या. पंखा बंद. (आमच्याकडं वीज गेली की हा प्रयोग उत्तम होतो.) मग सायकलच्या पंपानं हवा भरा, किंवा पंक्चरवाल्याकडं जाऊन "अकरा पौंड" सांगा. भरलेला बॉल जरा कोमट लागतो, दहा मिनिटं सावलीत ठेवा आणि पुन्हा वजन घ्या. स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमच्या डिजिटल काट्यावर चार-पाच ग्रॅमचा फरक पडतो. प्रत्येक वजन पाच-पाच वेळा घेऊन लिहायला लावा, म्हणजे आकडा एकानं इकडंतिकडं झाला तरी गोंधळ होत नाही.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा घरात काटा नव्हता, म्हणून बॉल काखेत मारून ओळखीच्या सराफाकडं गेलो. मऊ बॉल ४१८.६ ग्रॅम. शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून भरून आणला, ४२३.१. सराफानं बॉल हलवून बघितला, काटा शून्यावर आणून स्वतः पुन्हा तोलला आणि म्हणाला, "साडेचार ग्रॅम. सोनं असतं तर?"

इथं थांबलात तरी चालेल, पण गंमत पुढं आहे. ही साडेचार ग्रॅम हवा किती लिटर होती? बादलीत पाणी घ्या. दोन लिटरची बाटली काठोकाठ भरून बादलीत उलटी धरा. बॉलच्या सुईला सलाईनची नळी घट्ट बसवा, दुसरं टोक बाटलीच्या तोंडात सरकवा आणि मग सुई बॉलमध्ये घाला. बुडबुडे वर चढतात, पाणी खाली उतरतं. बाटली रिकामी झाली की नळी चिमटीत धरून पुन्हा भरायची. माझी बाटली दोनदा पूर्ण रिकामी झाली आणि तिसऱ्यांदा इंचभर हवा येऊन बुडबुडे थांबले. म्हणजे ४.१ लिटर. भागून बघा: लिटरला १.१ ग्रॅम. पाणी वाया जात नाही, बादली तुळशीला घाला.

गॅलिलिओनं असंच काहीसं केलं होतं, काचेच्या बाटलीत हवा कोंबून तोलली आणि कोंबलेली हवा किती ते पाण्याच्या मदतीनं मोजलं. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्यानं ते लिहिलंय. त्याच्या हिशेबानं पाणी हवेपेक्षा ४०० पट जड निघालं. तुमच्या मुलाचा आकडा ९०० च्या आसपास येईल, म्हणजे गॅलिलिओपेक्षा खऱ्याच्या जवळ. हे त्याला जरूर सांगा.

कुणी म्हणेल, पुस्तकात तर १.२९ दिलंय. तो आकडा समुद्रसपाटीचा आणि शून्य अंश तापमानाचा. परभणी सुमारे ४०० मीटर उंचीवर, आणि हवा आपली तापलेली. मे महिन्याच्या दुपारी, ४२ अंशांत, इथं लिटरला १.०७ ग्रॅमच भरतं. डिसेंबरच्या पहाटे पारा आठावर असला की १.२. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली धरा. तिच्यात डिसेंबरात ३४ किलो हवा असते, मे महिन्यात जेमतेम ३०. साडेतीन-पावणेचार किलो हवा दाराखिडक्यांतून निघून गेलेली असते आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

दोन गोष्टी मुलाला करू देऊ नका. एक, पाण्यानं भरलेला ग्लास पुठ्ठा लावून उलटा धरायचा प्रयोग "हवेला वजन असतं" या नावाखाली मांडू नका. तो हवेचा दाब दाखवतो. दाब येतो वरच्या हवेच्या वजनामुळंच, हे खरं, पण तोललं कुठं काय? परीक्षक विचारतीलच. दुसरी जास्त महत्त्वाची. थंड पेयाच्या बाटलीला टायरचा व्हॉल्व्ह बसवून हवा कोंबतानाचे व्हिडिओ फिरतात. फरक छान दिसतो, पण जुनी, उन्हात पडलेली बाटली फुटली तर टोपण गोळीसारखं सुटतं. लेकराच्या हातात ती देऊ नका.

आणि बॉल घरातलाच जुना असेल तर आदल्या रात्री गच्च भरून शिवणीवर आणि सुईच्या भोकावर साबणाचं पाणी लावून बघा. फेस फुगत असेल तर बॉल गळतोय. मग वजन दर वेळी थोडं कमी भरेल आणि आजोबांना पुन्हा एक मुद्दा मिळेल.