'हाय-वॉटर मार्क'चं भाषांतर करताना

भाषांतराला सुरुवात केलीस, छान झालं. 'हाय-वॉटर मार्क'साठी लिहिलेलं तुझं 'उच्च जलचिन्ह' मात्र आधी खोड. जलचिन्ह नोटेच्या कागदात असतं, नदीकाठी नाही! शब्दाला शब्द लावणं ही पहिली चूक, आणि ती आम्ही सगळ्यांनीच केली आहे.

आपल्या वडोदऱ्यात हा शब्द समजायला कोश नको. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं आणि ओसरल्यावर भिंतींवर मातकट रेघ राहिली. तीच ही खूण: पाणी जास्तीत जास्त जिथवर चढलं, तिथली. म्हणून नदीबद्दल मजकूर असेल तर 'पुराची खूण' लिही. 'धोक्याची पातळी' नको, ती आधीच ठरवलेली असते. खूण पाणी स्वतः करून जातं. समुद्राबद्दल असेल तर 'भरतीची रेषा'.

पण इंग्रजीत हा शब्द बऱ्याचदा पाण्याशिवायच येतो. एखाद्या सत्तेचा किंवा कारकिर्दीचा हाय-वॉटर मार्क म्हणजे कळस, त्यानंतर उतरण. 1758 साली मराठे अटकेपर्यंत पोचले, त्याबद्दल इंग्रजी लेखक हेच शब्द वापरेल. तिथे 'मराठी सत्तेचा पूर' लिहिलंस तर वाचक छत्री शोधेल.

तेव्हा सध्या एवढंच कर:
- आधी वाक्यात खरंच पाणी आहे का ते बघ.
- नंतर 'ओसरणं' सुचवलंय का ते बघ. नुसतं 'उच्चांक' लिहिलं की ती छटा जाते.

'लो-वॉटर मार्क'चं नंतर बघू. पुढचा उतारा पाठव.