एससी ३०० मध्ये सुप्राचं इंजिन: आधी कॅलिफोर्निया, मग टर्बो

१९९५ ची लेक्सस (टोयोटाचा महागड्या गाड्यांचा ब्रँड) एससी ३००, ऑटोमॅटिक, गाडी कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला. तिच्यात जपानहून आलेलं, टोयोटा सुप्रातलं ट्विन टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारे दोन टर्बो असलेलं) इंजिन बसवायचं, ५०० हॉर्सपॉवर काढायची, बायको-मुलीला घेऊन वीकेंडला एलएला जाऊन यायचं, आणि हे सगळं पंधरा हजार डॉलरात. फोरमवरचा तुमचा प्रश्न मला असा समजला. उत्तर लांबणार आहे, कारण हाच उद्योग मी मिशिगनमध्ये करून बसलोय आणि त्यातलं निम्मं तुमच्याकडे चालणार नाही.

गाडी मात्र योग्य निवडलीत. एससी आणि चौथ्या पिढीची सुप्रा या चुलत बहिणी. सस्पेन्शनची मांडणी सारखी, बरेच सुटे भाग एकमेकींना बसतात. जपानमध्ये हीच गाडी टोयोटा सोअरर नावाने विकली जायची आणि तिथे तिला अडीच लिटरचं ट्विन टर्बो इंजिन कारखान्यातूनच मिळायचं. अमेरिकेत लेक्ससने टर्बो दिलाच नाही. एससी ३०० ला तीन लिटरचं सहा सिलिंडरचं २जेझेड-जीई, २२५ हॉर्सपॉवरचं. एससी ४०० ला चार लिटरचं व्ही-८, २५० चं. सुप्रा टर्बोतलं २जेझेड-जीटीई हे तुमच्या इंजिनाचंच भावंड आहे. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८६ मिमी, ब्लॉक बिडाचा. फरक आतला: जीईचं कॉम्प्रेशनचं प्रमाण १०:१, जीटीईचं ८.५:१, जीटीईत पिस्टनच्या खालून तेलाचे फवारे असतात, जीईत नसतात. म्हणून हे इंजिन या गाडीत उपरं वाटत नाही. इंजिन बसणं हा प्रश्नच नाही.

प्रश्न स्मॉग चेकचा, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या धुराच्या सक्तीच्या तपासणीचा आहे. तुमच्याकडे १९७६ पासूनच्या पेट्रोल गाडीला दर दोन वर्षांनी तपासणी, आणि १९९५ च्या गाडीला नुसतं कॉम्प्युटर जोडून भागत नाही. रोलरवर चढवून सायलेन्सरमधला धूर मोजतात आणि बॉनेट उघडून काय काय आहे ते डोळ्यांनी बघतात. इंजिन बदललं असेल तर गाडी सरकारी रेफरीकडे, म्हणजे अशा गाड्या तपासून मान्यता देणाऱ्याकडे, न्यावी लागते. त्याची मूळ अट सोपी आहे: नवीन इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि ते ज्या गाडीतून आलं तिची धूर-नियंत्रणाची सगळी सामग्री, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपासून बारीकसारीक व्हॅक्यूम होजपर्यंत, सोबत बसलेली हवी. म्हणजे तुम्हाला १९९५ किंवा नंतरच्या अमेरिकन सुप्राचं इंजिन शोधावं लागेल. १९९६ च्या पुढचं घेतलंत तर त्याची ओबीडी-२ यंत्रणाही (गाडीतले बिघाड नोंदवणारी कॉम्प्युटर यंत्रणा) सोबत आली. जपानहून कंटेनरमधून येणारी, पॅलेटवर बांधलेली जी इंजिनं तुम्ही लिंक करून ठेवली आहेत, ती तिथे तशीच्या तशी मान्य होत नाहीत. आमच्या मिशिगनमध्ये ना धुराची तपासणी ना सुरक्षेची, म्हणून माझं चाललं.

'नेवाडातल्या मित्राच्या पत्त्यावर नोंदवतो' हा तपासणी चुकवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. राहता कॅलिफोर्नियात, गाडी उभी कॅलिफोर्नियात. तो कायद्याने गुन्हा आहे. अपघात झाला आणि विमा कंपनीने पत्ता विचारला की मित्रही अडकतो.

आता ५०० चं बघू. अमेरिकन सुप्रा टर्बो कारखान्यातून ३२० हॉर्सपॉवरची निघायची. सगळी मूळ सामग्री जागेवर ठेवून रेफरीचं लेबल मिळवलंत की तुमची गाडी त्याच आकड्यावर येते. ५०० पर्यंत जायचं तर मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे), वेगळा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आला, आणि प्रत्येक भागाला तुमच्या राज्याच्या एअर बोर्डाचा, म्हणजे हवा-प्रदूषण मंडळाचा, ईओ (मंजुरी) क्रमांक लागतो. शिवाय तुमच्या पंपावर ९१ ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, आमच्याकडे ९३ चं. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला की हा फरक नॉकिंगच्या, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणाऱ्या खडखडाटाच्या, रूपाने ऐकू येतो. माझं स्पष्ट मत सांगतो: २२५ वरून ३२० म्हणजे जवळपास दीडपट. दीड टनाच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या कूपेला ते भरपूर झालं. माझी ४३० ची आहे आणि पावसात दुसऱ्या गिअरला पाय जपूनच ठेवावा लागतो.

माझी कथा थोडक्यात. १९९४ ची गाडी मी मुद्दाम टेक्सासहून आणली, कारण आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि तीस वर्षं जुन्या गाडीचा तळ चाळणी झालेला असतो. इंजिन घेतलं जपानच्या टोयोटा ॲरिस्टो या गाडीतलं, तेही जीटीईच. विकणाऱ्याने किलोमीटरचा एक गोंडस आकडा सांगितला, आणि मी, पेशाने टेस्ट इंजिनीअर, तो खरा धरला. इंजिन जमिनीवर असताना स्टार्टर आणि बॅटरी जोडून सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) मोजायला दीड तास लागतो. मी मोजलं नाही. गाडीत बसवल्यावर सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर. वॉल्व सील कडक झालेले, तेल आत गळून जळत होतं. ते बदलले, तर सहा महिन्यांनी क्रँक पुली (इंजिनाच्या पुढच्या टोकाची) गेली. या पुलीत आतली आणि बाहेरची अशा दोन कड्या असतात, मध्ये रबर. रबर म्हातारं होतं, बाहेरची कडी हळूहळू सरकते आणि टायमिंग बेल्टचं कव्हर खात जाते. मला वाटलं बेअरिंग ओरडतंय. हायवेवर टायमिंग बेल्टचा पट्टा तुटला. नशीब एवढंच की व्हीव्हीटी-आय (वॉल्वची वेळ बदलणारी यंत्रणा) नसलेल्या जीटीईत पट्टा तुटला तरी वॉल्व पिस्टनवर आदळत नाहीत. नाहीतर तिथेच इंजिनाचं तेरावं घातलं असतं. तेव्हा इंजिन जमिनीवर आहे तोवर पुली, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, क्रँकचे पुढचे-मागचे सील आणि वॉल्व सील नवे टाका. गाडीत बसल्यावर त्याच कामाला तिप्पट वेळ जातो.

सम्पकडेही, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीकडेही, बघा. वेगवेगळ्या गाड्यांतल्या २जेझेडचा तेलाचा सम्प एकाच जागी नसतो. तुमच्या जुन्या इंजिनाचा सम्प आणि तेल ओढणारी नळी भंगारात देऊ नका, नव्यावर तीच चढवायची. मी नळी देऊन बसलो होतो.

जपानी जीटीईबद्दल आणखी एक, जरी तुम्हाला ते घेता येणार नसलं तरी: त्याच्या टर्बोत टर्बाइनचं चाक सिरॅमिकचं असतं. हलकं असल्याने लवकर फिरतं, पण बूस्ट वाढवला की फुटतं. अमेरिकन इंजिनातलं चाक धातूचं, इंजेक्टरही मोठे. मिनिटाला ४४० च्या जागी ५५० सीसी. म्हणजे महाग पडलं तरी तुमच्या वाट्याला चांगलं इंजिन येतंय.

पण इंजिन ही शेवटची खरेदी असू दे. तुमच्या गाडीला आता तीस वर्षं झाली. पुढचे खालचे बॉल जॉइंट या गाडीचा जुना आजार आहे. ते सुटले तर चाक आडवं होतं, आणि २२५ हॉर्सपॉवरलाही होतं. सस्पेन्शनच्या सांध्यांतले सगळे रबर बुश बदला. पॉलियुरेथेनच्या (कडक प्लास्टिकच्या) नादी लागू नका, मूळच्यासारखे रबरीच घाला. गाडीचा मुळात गुण आहे तो शांतपणा. मी मागच्या सबफ्रेमला कडक बुश घातले आणि घरात बोलणी खाल्ली. दोन वर्षांनी काढून परत रबरी घातले, दोन्ही वेळची मजुरी माझीच. रेडिएटर नवा. पेट्रोलचा पंप नवा. ब्रेक सुप्रा टर्बोचे: पुढे चार पिस्टनचे कॅलिपर, ३२३ मिमीच्या डिस्क. एससीला सहज बसतात, मात्र मूळची चाकं त्यावर बसत नाहीत, १७ इंची लागतात. हे एवढं करून महिनाभर जुन्याच इंजिनावर गाडी चालवा. निम्म्या लोकांना त्यानंतर इंजिन बदलावंसंच वाटत नाही, हे मी ओळखीच्या चार गाड्यांत पाहिलंय.

गिअरबॉक्सवरून इथे भांडणं होतील, तरी लिहितो. ऑटोमॅटिक ठेवा. सुप्रा टर्बोची ऑटोमॅटिक ही तुमच्याच घराण्यातली, फक्त दणकट. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच अमेरिकन सुप्रातून मिळाले तर वायरिंगची निम्मी डोकेदुखी जाते. सहा गिअरची गेट्रॅग व्ही१६० सुरेख आहे, पण तिच्या आजच्या किमतीत एक चांगली दुसरी गाडी येते. एससीत मॅन्युअलला यायचा तो डब्ल्यू५८ टर्बोच्या टॉर्कपुढे टिकत नाही. निसान ३५०झेडचा सीडी००९ बसवतात, त्यासाठी ॲडॅप्टर प्लेट, प्रॉपेलर शाफ्ट, क्लच पेडल, सगळं नवं. तुम्ही एलएला सहकुटुंब जाणार म्हणता. आय-५ वरच्या त्या पाच-सहा तासांत आणि पुढे एलएच्या ट्रॅफिकमध्ये जड क्लच दाबत बसायला लागलात की बायको आणि तुमचा डावा पाय दोघंही तक्रार करतील.

वायरिंग स्वतः करणार असाल तर दोन्ही गाड्यांच्या फॅक्टरी मॅन्युअलमधली पानं छापून भिंतीला लावा आणि एकेक तार टिकमार्क करत जा. मी हार्नेस (तारांचा जुडगा) बाहेर बनवायला दिला होता. आला तेव्हा इंधन पंपाच्या रिलेची तार दिव्यांच्या सर्किटला जोडलेली होती. हेडलाइट लावले की गाडी बंद. दुकानाचं नाव लिहीत नाही, त्यांनी पैसे परत केले. पण तीन वीकेंड गेले ते गेलेच.

पैसे. मी बारा हजार धरले होते, तेवीस झाले, आणि त्यात माझी मजुरी शून्य धरली आहे. कॅलिफोर्नियाच्या अटीतलं अमेरिकन इंजिन घेऊन पंधरात बसवणं मला तरी शक्य दिसत नाही. बॉल जॉइंट, बुश, ब्रेक, चाकं, कूलिंग आणि मूळ इंजिनाची नीट डागडुजी मात्र त्यात आरामात होईल.

'पुढे पुण्याला घेऊन जाईन' असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. तो विचार सोडा. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं.

फोटोंत ड्रायव्हरचं दार बंद असताना मागची कड किंचित खाली दिसतेय. एससीचं दार साध्या बिजागरीवर नसतं. उघडताना ते पुढे आणि बाहेर सरकतं, आणि वजनाला भारी. बिजागरीची पिन झिजली असेल. पुढच्या वेळी दार अर्धं उघडून, मागच्या टोकाला धरून वर उचलून बघा आणि किती हलतं ते इथे सांगा. सोबत क्रँक पुलीचाही एक फोटो टाका, टॉर्च मारून.