तबकडीवरचे मीटर आणि आतले रबर : स्विस डायव्हर घड्याळांविषयी प्रश्नोत्तरे

परवडणाऱ्या स्विस डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठी बनवलेल्या, घड्याळांविषयी येणाऱ्या पत्रांत तेच तेच गैरसमज पुन्हा पुन्हा दिसत असल्यामुळे या वेळी निवडक प्रश्नांना एकत्रच उत्तरे देत आहे. ज्यांनी प्रश्नासोबत घड्याळाचे छायाचित्र पाठवून ‘यात पाणी गेले आहे का’ असे विचारले आहे, त्यांना आधीच सांगतो की छायाचित्रावरून निदान होत नाही. घड्याळ कारागिराच्या हातात द्यावे लागते.

प्रश्न : लाखभर रुपयांपर्यंत ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे) डायव्हर घ्यायचे आहे. टिसॉट, सर्टिना, मिडो आणि हॅमिल्टन यांपैकी कोणाचे मशीन सर्वांत चांगले?

या चारही कंपन्या स्वॉच समूहाच्या आहेत आणि या किमतीच्या त्यांच्या डायव्हर घड्याळांत बहुधा एकाच घरचे, म्हणजे समूहाच्याच ईटीए या कंपनीचे, मशीन असते. टिसॉट आणि सर्टिना त्याला पॉवरमॅटिक 80 म्हणतात, मिडो कॅलिबर 80 म्हणते आणि हॅमिल्टन एच-10. ईटीए 2824 या जुन्या, भरवशाच्या मशीनचा वेग तासाला 28,800 ठोक्यांवरून 21,600 वर आणून आणि मुख्य स्प्रिंगमध्ये बदल करून ते एकदा पूर्ण चावी भरल्यावर 80 तास चालेल असे केलेले आहे. तेव्हा मशीनवरून भांडण्यात अर्थ नाही. फरक पाहायचा तो केसचा, म्हणजे घड्याळाच्या कवचाचा.

टिसॉटच्या सीस्टार 1000 ची जलरोधकता 300 मीटर सांगितलेली आहे. सर्टिनाच्या डीएस अ‍ॅक्शन डायव्हरचीही तितकीच आहे, शिवाय ते घड्याळ आयएसओ 6425 या पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात बसते. मिडोचे ओशन स्टार 200 हे नावाप्रमाणे 200 मीटरचे आहे. हॅमिल्टनच्या खाकी नेव्ही स्कूबाबाबत मात्र सावध राहावे, कारण त्याचे 40 मिलिमीटरचे ऑटोमॅटिक घड्याळ 100 मीटरचे आणि 43 मिलिमीटरचे 300 मीटरचे आहे. नाव एकच आणि रूपही सारखे असल्यामुळे दुकानात ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. दुसरे असे की घड्याळ पडद्यावर पाहून ठरवू नये. पट्टा जोडण्याच्या वरच्या शिंगापासून खालच्या शिंगापर्यंतची लांबी मनगटापेक्षा जास्त असेल, तर 40 मिलिमीटरचे घड्याळही हातावर उपरे दिसते. आणि खरेदीपूर्वी त्या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र आपल्या शहरात किंवा जवळच्या मोठ्या शहरात आहे का, याची चौकशी करावी. माझ्या मते हा प्रश्न ब्रँडच्या प्रश्नाआधीचा आहे.

प्रश्न : हेलियम व्हॉल्व्ह असलेलेच घ्यावे का?

नाही. जे पाणबुडे हेलियममिश्रित हवेच्या दाबकक्षात कित्येक दिवस मुक्काम करतात, त्यांच्यासाठी, घड्याळात शिरलेला हेलियम वर येताना बाहेर सोडण्याची ती सोय आहे.

प्रश्न : तबकडीवर ‘स्विस मेड’ लिहिलेले आहे, म्हणजे सगळे घड्याळ स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले असे समजावे ना?

असे समजू नये. 1 जानेवारी 2017 पासून लागू असलेल्या तेथील नियमानुसार घड्याळाच्या उत्पादनखर्चापैकी किमान 60 टक्के खर्च स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो, मशीन स्विस असावे लागते, ते केसमध्ये तेथेच बसवलेले असावे लागते आणि अखेरची तपासणीही तेथेच व्हावी लागते. उरलेल्या खर्चात केस, काच, काटे, पट्टा यांपैकी बरेच काही इतर देशांतून येऊ शकते आणि परवडणाऱ्या घड्याळांत ते येतेच. यात फसवणूक नाही, कारण नियमच तसा आहे. फसवणूक होते ती ‘स्विस मशीन’, ‘स्विस पार्ट्स’ असे शब्द ‘स्विस मेड’च्या जागी वापरून विक्री केली जाते तेव्हा. तबकडीच्या तळाशी सहाच्या आकड्यापाशी काय छापले आहे ते भिंग लावून वाचावे आणि शंका असल्यास अधिकृत विक्रेत्याकडून खात्री करून घ्यावी.

प्रश्न : गरम पाण्याने अंघोळ करताना 300 मीटरचे घड्याळ हातात ठेवले तर चालेल का?

काढून ठेवा. गरम पाणी, वाफ आणि साबण यांनी पाणी अडवणारे आतले रबर समुद्राच्या पाण्याहूनही लवकर बिघडते.

प्रश्न : पोहताना हात आपटल्यामुळे दाब कित्येक पटींनी वाढतो, म्हणून 100 मीटरचे घड्याळ पोहण्यासाठीही चालत नाही, असे एका व्हिडिओत सांगितले आहे. हे खरे आहे का?

हे ऐकीव भौतिकशास्त्र आहे आणि ते इतक्या ठामपणे पसरवले जाते की शाळेत शिकलेले सूत्रही लोक विसरतात. पाण्यात हात सेकंदाला 5 मीटर वेगाने फिरला, आणि हा वेग चांगल्या पोहणाऱ्यालाही सहज जमणारा नाही, तर त्यामुळे वाढणारा दाब साधारण 0.12 बार, म्हणजे सव्वा मीटर खोल पाण्याइतका भरतो. 100 मीटरची, म्हणजे सुमारे 10 बारची, जलरोधकता खरोखर शाबूत असेल तर या वाढीने तिला काहीही होत नाही. पण ‘शाबूत असेल तर’ हे शब्द सोडून देऊ नयेत, कारण पोहताना ज्या घड्याळांत पाणी शिरते ती हाताच्या वेगामुळे नव्हे, तर म्हाताऱ्या झालेल्या रबरामुळे किंवा उघड्या राहिलेल्या चावीमुळे (वेळ लावण्याच्या बाजूच्या बटणामुळे) भिजलेली असतात. आपले घड्याळ किती वर्षांचे आहे हे आपण लिहिलेले नाही. दोन-तीन वर्षांहून जुने असेल आणि मध्ये एकदाही तपासलेले नसेल, तर तलावात उतरण्यापूर्वी दाबचाचणी करून घ्यावी.

प्रश्न : माझ्या 200 मीटरच्या स्विस क्वार्ट्झ डायव्हरचा सेल मी गेल्या वर्षी घराजवळच्या दुकानात दहा मिनिटांत बदलून घेतला. या पावसाळ्यात काचेच्या आत धुके येऊ लागले. सध्या घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवले आहे आणि धुके बरेच कमी झाले आहे. दिवाळीनंतर दाखवले तर चालेल का?

चालणार नाही, या उत्तराचे बाकीचे भाग नंतर वाचले तरी चालेल, घड्याळ आज नेऊन द्यावे.

आता कारण सांगतो. डायव्हर घड्याळ पाणी अडवते ते पोलादाने नव्हे. पोलादाचे दोन भाग कितीही नीट बसवले तरी त्यांच्यामध्ये फट राहतेच, आणि ती फट बुजवण्याचे काम मागच्या झाकणाखालचे, काचेभोवतीचे आणि चावीच्या नळीतले, अशी तीन ठिकाणची गास्केटे करतात, जी बहुधा नायट्राइल रबराची किंवा तत्सम द्रव्याची असतात. हे रबर दाबले जाऊन पुन्हा फुगण्याच्या गुणावर काम करते. घाम, मीठ, साबण, अत्तर, उन्हापासून बचावाचे मलम आणि नुसता काळ यांनी तो गुण हळूहळू जातो, रबर चपटे आणि कडक होते, आणि तबकडीवरचा आकडा मात्र पहिल्या दिवसाइतकाच ठसठशीत राहतो. तो आकडा घड्याळ कारखान्यातून निघाले त्या दिवसाचा दाखला आहे, आजचा नव्हे. जलरोधकता कायमची नसते, असे कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते, पण ती पुस्तिका डब्यासोबत माळ्यावर जाते.

सेल बदलण्यासाठी झाकण उघडले की झाकणाचे गास्केट जागचे हलते. जुनेच रबर, तेही वंगण न लावता, तसेच दाबून बसवले तर ते पिळते किंवा एखाद्या जागी चिमटते, आणि डोक्यावरच्या केसाच्या जाडीइतकी जागा पाण्याला पुरते. योग्य पद्धत अशी की गास्केट तपासून गरज असल्यास नवे घालावे, त्याला सिलिकॉनचे वंगण लावावे, झाकण त्याच्या योग्य हत्याराने घट्ट करावे आणि त्यानंतर दाबचाचणी करावी. कोरड्या चाचणीत घड्याळ यंत्रात ठेवून हवेचा दाब किंवा निर्वात निर्माण करतात आणि केस किती मायक्रॉनने दबते-फुगते व ते तसेच टिकते का, हे मोजतात. केस पूर्वस्थितीला येऊ लागले तर हवा आत-बाहेर जात आहे असा अर्थ होतो. आणखी एक साधी, पण फार बोलकी चाचणी आहे : घड्याळ 40 ते 45 अंश तापमानाच्या तापपट्टीवर गरम करून काचेवर साध्या तापमानाच्या पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवायचा आणि पुसून आत दव धरले आहे का पाहायचे. यांतले काहीही दहा मिनिटांत, फूटपाथवरच्या टेबलावर होत नाही. सेल बदलणाऱ्या माणसाचा मला राग नाही. ‘वॉटरप्रूफ आहे, काळजी नको’ असे म्हणून चाचणीशिवाय घड्याळ परत देणाऱ्याचा आहे, मग ते दुकान वातानुकूलित मॉलमधले असले तरी.

तांदळाविषयीही एकदाचे लिहून टाकतो. बंद केसमधील ओलावा बाहेरचा तांदूळ ओढून घेऊ शकत नाही. धुके कमी झाले याचा अर्थ पाणी गेले असा नसून, वाफ होऊन ते आतल्या आत पसरले असा असू शकतो. घड्याळ थंड झाले की ते पुन्हा काचेवर दिसेल, आणि दरम्यान ते काट्यांवर, स्क्रूंवर, चावीच्या दांड्यावर आणि सेलच्या टोकांवर आपले काम करीत राहील. समुद्राचे पाणी शिरले असेल तर प्रकरण याहून वाईट, कारण पाणी सुकले तरी मीठ आतच राहते. गोड्या पाण्याचे धुके पहिल्या दिवशी आले तर बहुधा उघडून, सुकवून आणि गास्केटे बदलून भागते. गंज धरल्यावर मशीनच बदलावे लागते आणि मग परवडणारे म्हणून घेतलेले घड्याळ परवडत नाही. घरी झाकण उघडू नये, हेअर ड्रायरची गरम हवा मारू नये, चावी ओढून ‘वारा लागू देऊ’ नये. अधिकृत सेवा केंद्रात किंवा ज्याच्याकडे दाबचाचणीचे यंत्र आहे आणि जो त्याचा निकाल लेखी देतो, अशा कारागिराकडे घड्याळ द्यावे. पुढेही नियमितपणे पाण्यात जाणारे घड्याळ वर्षातून एकदा, आणि कोणतेही घड्याळ झाकण उघडल्यानंतर प्रत्येक वेळी, तपासून घ्यावे.

प्रश्न : ऑटोमॅटिक घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागले. मशीन खराब झाले का?

अचानक पुढे धावू लागले असेल तर आधी चुंबकत्वाचा संशय घ्यावा; केशस्प्रिंगची, म्हणजे मशीनचा वेग ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटली की ती आखूड झाल्यासारखी चालते. मोबाइलच्या चुंबकी कव्हरवर किंवा स्पीकरवर घड्याळ ठेवण्याची सवय असल्यास सोडावी. कारागीर विचुंबकित करून देईल, आणि तेवढ्याने भागले नाही तर पुढचे तपासील.

प्रश्न : एका संकेतस्थळावर हेच घड्याळ निम्म्या किमतीत मिळते. दुसरीकडे आयातशुल्क कमी होणार म्हणून थांबावे असे मित्र सांगतात. काय करावे?

निम्मी किंमत ही सवलत नसते, ती एक तर बनावट घड्याळाची किंमत असते किंवा फुगवलेल्या छापील किमतीवर काढलेला आकडा असतो. अधिकृत नसलेल्या मार्गाने आलेले अस्सल घड्याळही असते, पण त्याची हमी कंपनीची नसून विक्रेत्याची असते. हमीपत्रावर अधिकृत विक्रेत्याचा शिक्का, खरेदीची तारीख आणि घड्याळाच्या पाठीवरचा क्रमांक जुळत नसेल, तर सेवा केंद्र हमीखाली ते घड्याळ स्वीकारणार नाही.

शुल्काविषयी : भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या ईएफटीए गटातील व्यापार करारावर मार्च 2024 मध्ये सह्या झाल्या आणि तो 1 ऑक्टोबर 2025 पासून अमलात आला. घड्याळांवरील शुल्क एकदम नव्हे, तर टप्प्याटप्प्याने काही वर्षांत उतरणार आहे, आणि कंपन्या मूळ किमती वाढवणार नाहीत असे त्या करारात कोठेही बांधलेले नाही. घड्याळ हवे असेल आणि पैसे हाताशी असतील, तर त्यासाठी थांबण्यात मला शहाणपण दिसत नाही. कर्ज काढावे लागत असेल तर मात्र जरूर थांबावे.

प्रश्न : 1960च्या दशकातले फाव्र-ल्यूबा डायव्हर ‘नव्यासारख्या’ तबकडीसह सात हजारांत मिळत आहे. घ्यावे का?

फाव्र-ल्यूबा या स्विस कंपनीचा भारताशी संबंध एकोणिसाव्या शतकापासूनचा, त्यामुळे आपल्या बाजारात तिची जुनी घड्याळे भरपूर आहेत, आणि म्हणूनच रंगवून काढलेल्या तबकड्या व तीन घड्याळांतून जुळवलेले एक घड्याळ हा प्रकारही भरपूर आहे. या कंपनीने त्या दशकात डीप ब्लू आणि खोली दाखवणारे बॅथी अशी खरी पाणबुड्यांची घड्याळे केली. ती सात हजारांत कोणी देत नाही. साठ वर्षांची तबकडी नव्यासारखी दिसत असेल तर ती बहुधा नवीच आहे. आवड म्हणून घ्यायचेच असेल, तर जाणकाराला झाकण उघडून दाखवावे, पाण्याजवळ नेऊ नये, आणि त्या काळच्या चमकणाऱ्या तबकडीवर रेडियम असू शकते म्हणून घरी खरवडू नये.

प्रश्न : मालवणजवळ तारकर्लीला डायव्हिंग शिकायला जाणार आहे. डायव्ह कॉम्प्युटर घ्यावा की घड्याळ पुरे?

डायव्ह कॉम्प्युटर. तो खोली आणि वेळ यांचा हिशेब सतत करून किती वेळ खाली राहणे सुरक्षित आहे ते सांगतो. घड्याळ फक्त वेळ सांगते आणि जोडीला म्हणून उत्तम आहे. पाण्यात शिरताना बेझलवरचा (तबकडीभोवतीच्या फिरत्या कड्यावरचा) त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणावा, म्हणजे गेलेली मिनिटे थेट वाचता येतात. बेझल एकाच दिशेने फिरते ते मुद्दाम : धक्क्याने सरकले तरी गेलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसेल, कमी दिसणार नाही. हौशी डायव्हिंगची मर्यादा 40 मीटर मानली जाते, म्हणून 200 मीटरच्या सुस्थितीतील घड्याळाला भिण्याचे कारण नाही. कान, सायनस किंवा दम्याचा त्रास असल्यास मात्र घड्याळजीला न विचारता डॉक्टरांना आणि प्रशिक्षकांना आधी विचारावे.

प्रश्न : समुद्रातून आल्यावर घड्याळ धुवावे का?

होय, चावी घट्ट फिरवून बसवली आहे हे पाहून साध्या गोड्या पाण्याने धुवावे आणि बेझल फिरवून त्याखालची वाळूही निघू द्यावी. बेझल अडखळू लागले तर त्यात खोबरेल तेल सोडू नये, कारागिराकडे न्यावे.