किमोच्या कागदावर नवऱ्याची सही लागते का?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातली, वय 29. गर्भारपणाचा एकविसावा आठवडा चालू आहे. चार दिवसांपूर्वी मला ब्लड कॅन्सर, एएमएल, असल्याचं निदान झालं. सध्या पुण्यात ॲडमिट आहे. डॉक्टर म्हणतात, पहिले तीन महिने उलटल्यामुळे बाळ ठेवूनही किमो देता येईल, पण उशीर परवडणार नाही. नवरा आणि सासूबाई म्हणतात, ‘आधी मूल काढ, मग उपचार, नाहीतर सही मिळणार नाही.’ वॉर्डमध्येही नवऱ्याची सही आणायला सांगितलंय. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेने) सगळा खर्च प्रसूतीच्या 50 हजारांच्या मर्यादेत बसवला. एचआरने फोनवर राजीनामा सुचवला. मला बाळ हवंय आणि जगायचंही आहे. काय करू?

उत्तर :

ताई, आधी सहीचं बोलू, कारण तिच्यासाठी तुमचे दिवस वाया जातायत.

तुम्ही सज्ञान आहात, शुद्धीवर आहात, डॉक्टरांचं म्हणणं तुम्हाला समजतंय. अशा वेळी उपचाराला संमती फक्त तुमची लागते. नवऱ्याची सही हवी असं आपला कुठलाही कायदा म्हणत नाही. छापील फॉर्मवर ‘पती/पालक’ असा रकाना असतो, बिलाची हमी आणि पुढचे वाद टाळणं हा त्यामागचा हेतू असतो. पण तो रकाना रिकामा राहिला म्हणून किमो अडवता येत नाही. समीरा कोहली प्रकरणात रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सांगितलं की सज्ञान रुग्णाच्या जागी आईचीही संमती चालत नाही. मग नवऱ्याची कशी चालेल? आणि तुमची संमती असताना त्याचा नकार आडवा कसा येईल?

आजच साध्या कागदावर लिहा : आजार, किमोचे धोके, बाळाला असलेला धोका हे सगळं डॉक्टरांनी मला मराठीत समजावलं, उपचार लगेच सुरू करावेत आणि गर्भ राखावा अशी माझी इच्छा आहे. तारीख, वेळ, सही, आणि माहेरच्या किंवा ओळखीच्या दोन साक्षीदारांच्या सह्या. एक प्रत केस पेपरला लावायला सांगा, दुसरीवर रुग्णालयाचा पोचशिक्का घ्या. पुढे किमोत तब्येत ढासळली आणि तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नसलात, तर डॉक्टर घरच्यांनाच विचारतील. तेव्हा तुमचं म्हणणं सांगायला हा कागद असेल. निर्णयाच्या वेळी कोणाला बोलवायचं तेही त्यात लिहा. भाऊ, बहीण, ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे त्याचं नाव.

आता ‘आधी मूल काढ’ या हट्टाबद्दल. घरच्यांना वाटतं तसं ते सरळ नाही. वैद्यकीय गर्भपात कायद्यात 2021 साली बदल झाला. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 आठवड्यांमध्ये दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि तेही नियमांनी ठरवून दिलेल्या स्त्रियांसाठी : लैंगिक अत्याचार सोसलेल्या, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, दिव्यांग, मानसिक आजार असलेल्या, गर्भात गंभीर व्यंग असलेल्या, आपत्तीत सापडलेल्या. या यादीत आईचा कॅन्सर नाही. मला ही त्रुटी मनापासून खटकते. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने हे नियम शब्दश: न वाचता स्त्रीच्या बदललेल्या परिस्थितीकडे पाहून वाचायला सांगितलं, त्यामुळे उच्च न्यायालयात दाद मागता येते. पण ती दाद मागण्याचा अधिकार तुमचा आहे, सासरचा नाही.

याच कायद्यात कलम 5 आहे. आईचा जीव वाचवण्यासाठी गर्भपात ताबडतोब आवश्यक आहे असं डॉक्टरांचं प्रामाणिक मत झालं, तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. उद्या डॉक्टरांनीच तुम्हाला सांगितलं की आता दोघांना सांभाळणं शक्य नाही, तर ती वाट बंद झालेली नसेल. त्या दिवशी वेगळा निर्णय घेतलात तरी तो तुमचाच असेल आणि त्यासाठी कुणापुढे अपराधी वाटून घेऊ नका. कोर्टात जायची वेळ आली तर मुंबई गाठावी लागणार नाही. ऑगस्ट 2025पासून सातारा जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे.

तुमच्या मर्जीविरुद्ध गर्भपात मात्र कोणीही करू शकत नाही. कायद्याने सज्ञान स्त्रीची लेखी संमती लागते, तीही फक्त तिची. 2009 सालच्या सुचिता श्रीवास्तव निकालात गर्भ वाढवण्याचा निर्णय हाही स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला गेला. स्त्रीच्या संमतीशिवाय गर्भपात घडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 89खाली गुन्हा आहे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. गोळ्या देऊन किंवा दुसऱ्या दवाखान्यात नेऊन काही करण्याचा प्रयत्न झाला तर लगेच डॉक्टरांना आणि पोलिसांना सांगा. उपचार अडवणं, घरात घेणार नाही म्हणणं, हे कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बसतं. त्या कायद्याखाली राहत्या घराचा हक्क आणि औषधपाण्याचा खर्च दोन्ही मागता येतात. 181 वर फोन करा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रीला उत्पन्न न विचारता मोफत वकील देतं, क्रमांक 15100. खरं सांगू, नवऱ्याविरुद्ध तक्रार करायची तुमची इच्छा नसेल, तर आधी डॉक्टरांना त्याच्याशी समोरासमोर बोलायला सांगा. सहाव्या महिन्यात बायकोला किमो म्हटल्यावर माणूस घाबरतो. पण त्याचं मन वळेपर्यंत उपचार थांबवू नका.

विम्यात टीपीएने चूक केली आहे. प्रसूतीची मर्यादा प्रसूती आणि तिच्यातून उद्भवणाऱ्या खर्चाला लागते. ल्युकेमिया, म्हणजे तुमचा ब्लड कॅन्सर, प्रसूतीतून उद्भवत नाही. बोन मॅरोची तपासणी, किमो, रक्त-प्लेटलेट हा कॅन्सरचा खर्च आहे. तुमच्या डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घ्या की ॲडमिशनचं कारण एएमएल आहे आणि गर्भारपण ही सोबतची स्थिती आहे. बिलंही वेगळी करून मागा : सोनोग्राफी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची फी एकीकडे, बाकी सगळं दुसरीकडे. टीपीएकडून नकाराचं कारण लेखी घ्या आणि विमा कंपनीच्या तक्रार विभागाला मेल करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकीलही लागत नाही.

तोवर पैशासाठी थांबू नका. रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) रेशनकार्ड घेऊन भेटा; कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात.

आणि राजीनामा अजिबात देऊ नका. नोकरी गेली की सहसा ग्रुप विमाही जातो, मातृत्व लाभही हातचा जातो. फोनवरचं बोलणं मेलवर आणा : ‘आपण सुचवलेला राजीनामा मी देणार नाही, कॅन्सरच्या उपचारासाठी वैद्यकीय रजा हवी आहे.’ 26 आठवड्यांची मातृत्व रजा आहे, पण ती प्रसूतीच्या तारखेआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येते. म्हणजे साधारण बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत आजारपणाची रजा, मग मातृत्व रजा, असा क्रम लावा. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल तर मला कळवा. कॅन्सरसाठी तिथे लांब मुदतीचा आजारपणाचा लाभ आहे, पगाराच्या 80 टक्के, पण आधीच्या दोन वर्षांच्या नोकरीची अट पाहावी लागेल.

सकाळच्या राउंडला डॉक्टर आले की तो सही केलेला कागद त्यांच्या हातात द्या. पॉलिसीची प्रत आणि टीपीएचं पत्र भावाकरवी मला पाठवा, विमा कंपनीला जायचा तक्रारीचा मसुदा मी लिहून देते.